'लोस ओल्विदादोस' बघून मन विषण्ण झालं. या चित्रपटात करुणा नाहीच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेक्सिको सिटीतल्या झोपडपट्टीतल्या पोरांवरचा लुईस बुन्युएल यांचा हा 1950 सालचा चित्रपट सगळे थोर म्हणतात, पण त्यात जीव लावावा असं कुणी भेटत नाही, आंधळा भिकारीसुद्धा दुष्ट निघतो आणि शेवट तर सहन होत नाही. मग दिग्दर्शकाला या मुलांबद्दल काही वाटतं की नाही?

(ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळी गोष्ट येणार आहे.)

माझ्या मते त्यांना या मुलांबद्दल फार वाटत होतं. तुम्हाला जाणवलेला कठोरपणा खरा आहे, फक्त तो मुलांवर रोखलेला नाही. गरीब माणूस आधी सद्गुणी दाखवायचा आणि मग त्याच्यासाठी आपल्याला रडवायचं, ही सोय बुन्युएल प्रेक्षकाला देत नाहीत. त्या काळच्या मेक्सिकन पडद्यावर ही सोय मुबलक होती. 1948 सालच्या 'नोसोत्रोस लोस पोब्रेस' या तुफान चाललेल्या चित्रपटात पेद्रो इन्फान्ते हा लाडका नट गाणी म्हणणारा, दिलदार सुतार झाला होता. त्यातली गरिबी दुःखी आहे, पण मनाने श्रीमंत आहे. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे आणि त्यांना बरं वाटायचं. 'लोस ओल्विदादोस' बघून कुणाला बरं वाटत नाही, आणि ते मुद्दाम केलेलं आहे.

बुन्युएल मूळचे स्पेनचे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीमुळे देशाला मुकलेले, 1946 पासून मेक्सिकोत राहिलेले. निर्माते ओस्कार दान्सिगेर्स यांच्यासाठी एक गल्लाभरू विनोदी चित्रपट करून दिल्यावर त्यांना हवा तसा चित्रपट करायची मोकळीक मिळाली. मग त्यांनी काय केलं, तर जुनेपाने कपडे घालून काही महिने शहराच्या गरीब वस्त्या पायी पालथ्या घातल्या. लोकांशी बोलले, सुधारगृहातल्या मुलांच्या फायली वाचल्या. कचऱ्याच्या ढिगावर बारा-एक वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती. तुम्हाला असह्य वाटलेला शेवट तिथून आला आहे. तो त्यांनी आपल्याला धक्का द्यायला रचलेला नाही, शहराने तो आधीच घडवलेला होता. अध्यक्ष मिगेल आलेमान यांचा तो काळ, देश झपाट्याने पुढे चालल्याचा डंका वाजत होता. पोरांच्या टोळीचा म्होरक्या हाइबो हा हुलियान या पोराला मारायला नेतो त्या मोकळ्या जागेवर मागे अर्धवट बांधलेल्या मोठ्या इमारतीचा लोखंडी सांगाडा दिसतो, तो पुन्हा बघा. त्या सांगाड्यात शंभर वादकांचा वाद्यवृंद बसवायची बुन्युएल यांची इच्छा होती. निर्मात्याने परवानगी दिली नाही. वादक नसले तरी नव्या मेक्सिकोच्या पायाशी पडलेलं ते पोर आपल्याला दिसतंच.

आता कार्मेलोबद्दल, म्हणजे त्या आंधळ्या भिकाऱ्याबद्दल. पोरं त्याला दगड मारतात, त्याचा ढोल फोडतात, तो चिखलात पडतो आणि आपण लगेच त्याच्या बाजूचे होतो. पुढे तोच म्हातारा ओहितोस या टाकून दिलेल्या खेड्यातल्या पोराला राबवतो, कान पिळतो, मेचे या लहानग्या मुलीच्या अंगाला हात लावतो. शेवटी हाइबोवर गोळ्या झाडल्याचा आवाज ऐकून तो खूश होतो आणि म्हणतो, ही पोरं जन्माआधीच मारायला हवीत. त्याला चिखलात पाडलं तेव्हा आपल्याला आलेला कळवळा इथे परत घ्यायचा का? मला वाटतं, बुन्युएल यांना हेच विचारायचं आहे. मार खाणारा माणूस चांगला निघाला नाही म्हणून त्याला झालेली मारहाण योग्य ठरत नाही. जी दया येण्यासाठी माणूस आधी गुणी असावा लागतो, ती दया नव्हे, बक्षीस झालं.

हाइबोच्या टोळीतल्या पेद्रो या पोराच्या आईचंही तसंच. ती पोटच्या पोराला जेवायला देत नाही, दाराबाहेर काढते. हे चित्रण चालू असताना केशभूषा करणारी बाई चिडून काम सोडून गेली होती. मेक्सिकोतली कुठलीच आई असं करणार नाही, असं तिचं म्हणणं. पण बालन्यायालयातला प्रसंग आठवा. आपण स्वतः पोर होतो, स्वतःला वाचवूही शकलो नाही, त्याचा बाप कोण तेही माहीत नाही, मग याच्यावर माया का करू, असं ती आई सांगते. एवढ्या दोन वाक्यांत तिचा सगळा जन्म येतो. मग पेद्रोच्या स्वप्नात ती संथ गतीने, हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे येते आणि त्याला कच्च्या मांसाचा मोठा तुकडा देऊ करते, आणि पलंगाखालून हाइबोचा हात तो हिसकावून घेतो. भूक आणि आई या दोन गोष्टी त्या मुलासाठी वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. गरिबीवरच्या चित्रपटात मुलाच्या पोटाबद्दल पुष्कळ असतं. त्याला स्वप्नही पडतं आणि ते त्याचं एकट्याचं असतं, याची दखल त्या काळी फार थोड्यांनी घेतली. करुणा शोधायची तर मी पहिल्यांदा या स्वप्नात शोधेन.

दुसऱ्यांदा शोधेन ती शेतशाळेच्या, म्हणजे पेद्रोला पाठवतात त्या सुधारगृहाच्या प्रसंगात. पेद्रो तिथे रागाच्या भरात कोंबड्या मारतो. शाळेचा प्रमुख त्याला शिक्षा करत नाही. आधी खायला घालायला सांगतो, कारण भरल्या पोटी सगळेच जरा बरे वागतात. मग पन्नास पेसोची नोट हातात देऊन त्याला सिगारेटी आणायला एकटाच फाटकाबाहेर पाठवतो. पेद्रोचा तो चेहरा! संपूर्ण चित्रपटात त्याच्यावर टाकलेला हा पहिला विश्वास. तो परत येणार होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फाटकाबाहेर हाइबो उभा असतो, आणि नोट जाते.

मी एके काळी मुलांच्या निरीक्षणगृहात संध्याकाळी शिकवायला जात असे. तिथल्या पोरांना बाहेरून काही आणायला पाठवलं की ती सुट्टे पैसे टेबलावर मोजून ठेवायची आणि आपण मोजतोय का, हे बघत उभी राहायची. आम्ही मोजत नाही हे दिसलं की त्यांची मान ताठ व्हायची. आतलं जग असं सुधारता येतं, ते फार अवघड नसतं. सुटून घरी जाणाऱ्या मुलाला पहिल्या चौकात कोण भेटणार, हे मात्र आमच्या कुणाच्याच हातात नव्हतं. म्हणून हा प्रसंग मला निराशावादी वाटत नाही. मुलगा चांगला होऊ शकतो, मोठी माणसंही चांगली असू शकतात, आणि तरीही एवढं पुरत नाही, हे इतक्या स्वच्छपणे मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही.

गंमत म्हणजे याच प्रसंगामुळे त्यांच्यावर उलट बाजूनेही टीका झाली. फ्रान्समधले साम्यवादी समीक्षक जॉर्ज सादूल हे बुन्युएल यांचे मित्र. शाळाप्रमुख सहृदय दाखवला, वाईट हेतूने गाठणाऱ्या एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थापासून पोलिसाच्या येण्याने पेद्रो वाचतो असं दाखवलं, म्हणून सादूल यांनी चित्रपटाला बूर्झ्वा, म्हणजे सुखवस्तू वर्गाच्या बाजूचा ठरवलं. नंतर सोव्हिएत दिग्दर्शक पुदोव्हकिन यांनी 'प्रावदा' या तिथल्या साम्यवादी पक्षाच्या वर्तमानपत्रात कौतुकाने लिहिलं आणि सूर बदलला. खुद्द मेक्सिकोत नोव्हेंबर 1950 मध्ये चित्रपट लागला तो आठवडाही टिकला नाही. बुन्युएल यांनी वर्षभरापूर्वीच मेक्सिकन नागरिकत्व घेतलं होतं, तरी या परक्याला देशाबाहेर घालवा अशी मागणी झाली. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी बुन्युएल यांच्यावर लेख लिहून तो स्वतः वाटला. ते तेव्हा पॅरिसच्या मेक्सिकन वकिलातीत नोकरीला होते, आणि देशाची बदनामी करणारा म्हणून सरकारी माणसांना नको असलेल्या चित्रपटासाठी एका सरकारी अधिकाऱ्याने असं उभं राहणं ही छोटी गोष्ट नव्हती. (त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची दिल्लीला बदली झाली आणि ते बोटीने मुंबईला उतरले, भारताशी त्यांचं जन्माचं नातं तिथून सुरू झालं.) कानमध्ये बुन्युएल यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं, मग मेक्सिकोतही चित्रपट पुन्हा लागला आणि चालला. 2003 साली युनेस्कोने जागतिक स्मृती नोंदवहीत त्याची नोंद केली.

शेवट सहन होत नाही असं तुम्ही म्हणालात, तर आशेचा शेवटही चित्रित झाला होता. 1996 मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहात तो सापडला. त्यात झटापटीत हाइबो मरतो, पेद्रो आपले पन्नास पेसो परत घेतो आणि शेतशाळेत जातो. तो मिळाला तर जरूर बघा. मला तो बघताना फसवल्यासारखं वाटलं, कारण त्यात हाइबो निव्वळ खलनायक उरतो, त्याला मारलं की प्रश्न मिटतो. खऱ्या शेवटात मरणाऱ्या हाइबोच्या डोळ्यांपुढे ओल्या रस्त्यावरून कुत्रं येतं आणि आपण एकटे आहोत हे त्याला कळतं. आई कोण ते माहीत नसलेलं हे पोर. चित्रपटातल्या सर्वांत वाईट मुलालाही बुन्युएल यांनी मरताना असा क्षण दिला आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर माझ्याजवळ नाही.

जमलं तर यानंतर इटालियन दिग्दर्शक दे सिका यांचा 'शूशाइन' (1946) बघा, तो बुन्युएल यांना आवडत असे. आणि मग मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' (1988). कामाठीपुऱ्यातल्या त्या पोरांमध्ये पेद्रो सापडतो का ते मला इथे जरूर कळवा.