'बूच' हा शब्द मूळचा मराठीच आहे का?

नाही, पोर्तुगीज आहे. मूळ शब्द 'बुशा', म्हणजे भोकात ठासायचा बोळा. तोफेत किंवा बंदुकीत दारूवर ठासतात तो बोळाही बुशाच. आज उच्चार 'श' असला तरी जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च' होता, म्हणून आपल्याकडे बूच आलं, तशीच चावीही. गंमत म्हणजे बाटलीच्या बुचाला पोर्तुगीज लोक स्वतः वेगळाच शब्द वापरतात, 'रोल्या'.

आपल्या ठाण्यात तर याचं नवल वाटायला नको. १५३४ पासून १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत इथे त्यांचाच अंमल होता. बादली, घमेलं, लिलाव हेही त्यांच्याकडूनच आलेले.

अर्थ मात्र मराठीत चांगलेच पसरले. बाटलीचं बूच, मोरीचं बूच, टाकी धुताना काढायचं बूच. बाटलीची बुचं ज्या झाडाच्या सालीची करतात, त्या हलक्या, दाबली की दबणाऱ्या सालीलाही बूचच म्हणतात. आणि बुचाचं झाड! पावसाळा सरता सरता सोसायटीच्या गेटपाशी लांब देठाच्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचा सडा पडतो ना, तेच. त्याची साल जाड, भेगाळलेली, नखाने दाबली तर मऊ लागते. पूर्वी तिची हलक्या प्रतीची बुचं करत, म्हणून हे नाव. खरं बूच ओक नावाच्या झाडाच्या एका जातीच्या सालीचं, आणि त्यात आजही पोर्तुगालच पुढे आहे.

अस्सल मराठी शब्द हवा असेल तर 'दट्ट्या' वापरा. पण तो आता बाटलीपेक्षा वसुलीवाल्यांच्या मागे लागण्यालाच जास्त चिकटलाय.