पेनच्या टोपणाला वरून भोक असतं, मग शाई वाळत कशी नाही?

भोक मुळात शाईसाठी नाहीच, ते गळ्यासाठी आहे. मुलं टोपण चावत बसतात, कधी ते घशात अडकतं. अशा वेळी टोपणातून थोडी तरी हवा जात राहावी, म्हणजे डॉक्टरांपर्यंत पोचायला वेळ मिळतो. 'आयएसओ ११५४०' हे मानक नेमकं यासाठीच आहे. टोपण एकतर घशात जाणारच नाही इतकं मोठं हवं, नाहीतर त्यातून हवा जायला वाट हवी.

आता शाई. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट असते. ती सहसा वाळत नाही. तिथे टोपण टोक जपायला आणि खिसा वाचवायला. मार्कर आणि जेल पेनचं तसं नाही. तिथे खरं काम आतली छोटी टोपी करते. ती फक्त टोकाभोवती घट्ट बसते आणि हवेची वाट तिच्या बाहेरून जाते. बाहेरचं टोपण फुटलं तरी चालेल, आतली टोपी सैल झाली की मार्कर संपलाच समजा.

मला स्वतःला 'टक्' आवाज करणारं टोपण आवडतं. आतली बारीकशी कड खाचेत बसली की नीट लागलंय हे न बघता कळतं. फाउंटन पेनचं घट्ट दाबायचं टोपण मात्र झटक्यात ओढू नका. आत पोकळी तयार होऊन शाई बाहेर खेचली जाते आणि बोटं रंगतात. आटे असलेल्या टोपणात हा त्रास कमी, पण वर्गात भराभर टिपणं घेताना दरवेळी फिरवत बसायचा कंटाळा येतो.