कामानिमित्त सतत फिरती असेल तर टॅबलेट घ्यावा की छोटा लॅपटॉप?

तुम्ही सेल्समध्ये आहात, काम 'मेल, एक्सेल आणि प्रेझेंटेशन एवढंच', आणि वजन कमी हवं म्हणून कीबोर्डवाल्या टॅबलेटकडे कल आहे, असं लिहिलंय. लॅपटॉप घ्या. एक्सेल आहे म्हटल्यावर माझ्या लेखी विषय संपला.

आधी वजनाचं बघू. जाहिरातीत टॅबलेटचं वजन कीबोर्ड सोडून सांगतात. २०२४ पर्यंत विकला जाणारा १२.९ इंची आयपॅड प्रो नुसता ७०० ग्रॅमच्या आत होता, पण त्याचा मॅजिक कीबोर्ड लावला की १.३ किलोच्या पुढे जायचा. १३ इंची मॅकबुक एअर साधारण १.२४ किलोचा आहे. म्हणजे हलकं म्हणून घ्यायचं आणि जास्त ओझं वाहायचं.

आमच्याकडे साहेबांच्या डोक्यात एकदा असंच आलं की फिरतीवरच्या सगळ्यांना टॅबलेट द्यायचे. मी म्हणाले, आपली कोटेशनची फाइल मॅक्रोवर चालते, म्हणजे बटण दाबलं की सगळी आकडेमोड आपोआप करणाऱ्या एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रॅमवर, टॅबलेटवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. तर म्हणाले, "फाइल उघडते ना?" उघडते. आकडे दिसतात, रंग दिसतात, 'सुधारित दर' असं लिहिलेलं बटणसुद्धा दिसतं.

पुढे एका मोठ्या ग्राहकाकडे साहेब स्वतः बरोबर आले. सगळं जमत आलं होतं. पर्चेस मॅनेजर म्हणाले, दोन आयटम काढा, वाहतूक खर्च बाकीच्यांत वाटून टाका आणि आत्ताच नवीन कोटेशन द्या, मी लगेच वर पाठवतो. साहेबांनी ऐटीत टॅबलेट काढला आणि ते बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग घरात कोणी नसताना बेल वाजवत राहावं तसं दाबतच राहिले. शेवटी फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडून बेरजा सुरू केल्या. समोरचा माणूस घड्याळाकडे बघतोय, आणि जीएसटी आधी की वाहतूक आधी यावर यांचं अडलेलं. मी बॅगेतून माझा स्वतःचा जुना लॅपटॉप काढला, दोन ओळी उडवल्या, बटण दाबलं, पीडीएफ मेल केली. ऑर्डर मिळाली.

परतताना गाडीत साहेब काय म्हणाले? "मॅडम, तुम्हाला टॅबलेटची सवय नाही." अजूनही चारचौघांत हेच सांगतात.

असो. लॅपटॉप घेताना टाइप-सीवर चार्ज होणाराच घ्या, म्हणजे त्याच्याच चार्जरवर टाइप-सीचा फोनही चार्ज होतो. पॉवर बँक किमान ४५ वॉट देणारी हवी. फोनसाठीच्या साध्या पॉवर बँकेवर लॅपटॉप नुसता रडतो. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. ती केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. रॅम १६ जीबी घ्या. स्टोरेजचं विचारलंय, तर २५६ जीबी पुरे.

आणि हो, विंडोज चालणारा सरफेस प्रोसारखा टॅबलेट असेल तर त्यावर पूर्ण एक्सेल चालतं, मॅक्रोसकट. तिथे माझं वरचं भांडण लागू नाही. फक्त तो मांडीवर ठेवून टाइप करून बघा, पाठीमागचा स्टँड गुडघ्यावरून घसरतो. विमानातही टॅबलेटच बरा, हे मान्य. पुढच्याने सीट मागे टाकली की लॅपटॉपचं झाकण अडकतं. आमची सर्व्हिसची मुलं टॅबलेटवर खूश आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे. उभ्या उभ्या मशीनचा फोटो काढायचा, त्यावर खुणा करायच्या, ग्राहकाची सही घ्यायची, याला लॅपटॉप कशाला? पण ते कोटेशन बनवत नाहीत. तुम्ही बनवता.

तरीही मन टॅबलेटकडेच ओढत असेल तर कुणाचा तरी एक दिवस उसना आणा. मागच्या दौऱ्यात जी फाइल खरोखर बदलावी लागली होती तीच त्यावर बदला, पीडीएफ करा, स्वतःलाच मेल करा. मध्येच हात लॅपटॉपकडे गेला नाही तर खुशाल टॅबलेट घ्या. आमच्या साहेबांनाही मी हे सुचवलं होतं, त्यांना अजून वेळ झालेला नाही.