फोर बाय फोर आणि ट्रॅक्शन कंट्रोल: वाचकांच्या शंका

मुंबईत पावसाने जोर धरला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा विषय ठरलेला असतो. नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी घेतलेली असते, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असतं आणि गाडी विकताना कोणीतरी सांगितलेलं असतं, "आता घसरायची भीतीच नाही." हे साफ चूक आहे. पकड टायर आणि जमीन यांच्यात असते. ट्रॅक्शन कंट्रोल ती निर्माण करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही, इतकंच. हे लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न (कल्याण): माझी जुनी फोर बाय फोर शेतावरच्या चरात अडकली. पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरत राहिलं, गाडी जागची हलली नाही. ट्रॅक्शन कंट्रोल असतं तर निघाली असती का?

बहुधा निघाली असती. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल असतं. साधं डिफरेन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि चरात नेमकं हेच आड येतं. अधांतरी चाकाला फिरायला १० न्यूटन मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) पुरत असतील, तर जमिनीवर टेकलेल्या चाकालाही साधारण तेवढेच मिळतात. तेवढ्याने दोन टनांची गाडी हलत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल एबीएसचेच, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचेच सेन्सर वापरतं. एक चाक जास्त वेगाने फिरताना दिसलं की फक्त त्या चाकाला ब्रेक लावतं. ब्रेकने ५०० न्यूटन मीटरचा विरोध केला, की पलीकडच्या चाकाला तेवढाच जोर वाढून मिळतो. डिफ लॉक, म्हणजे डिफरेन्शियलचं कुलूप, दोन्ही चाकं एकमेकांशी बांधून टाकतो, त्यामुळे चाक सुटायची (पकड सोडून नुसतं फिरायची) वाट पाहावी लागत नाही. फोर्सच्या गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे लॉक मिळतात. मारुतीची जिम्नी या कामासाठी ब्रेकवरच अवलंबून आहे. दोन्ही पद्धतींनी गाड्या निघतात, मात्र चालवण्याची रीत वेगळी आहे. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा.

प्रश्न (दादर): चढावर ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकतो. बिघाड आहे का?

नाही. लुकलुकतो म्हणजे यंत्रणा काम करते आहे. कायम पेटून राहिला आणि बटण दाबूनही गेला नाही, तर त्याच आठवड्यात गाडी स्कॅन करून (यंत्र जोडून बिघाडाचे कोड वाचून) घ्या.

प्रश्न (पनवेल): कर्जतजवळच्या आमच्या जागेकडे जाताना चिखलाचा चढ आहे. मध्येच गाडीचा दम जातो. मित्र म्हणतो, ट्रॅक्शन कंट्रोल बंदच ठेव.

मित्राचं अर्धं बरोबर आहे. ही यंत्रणा दोन कामं करते: सुटलेल्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोरही कमी करते. ओल्या डांबरी रस्त्यावर दुसरं काम तुम्हाला वाचवतं. खोल चिखलात किंवा वाळूत मात्र गाडीला वेग टिकवायचा असतो आणि तिथेच जोर काढून घेतला जातो. अशा पट्ट्यापुरतं बटण बंद करणं योग्य ठरू शकतं. बऱ्याच गाड्यांत फोर-एल (चारही चाकांना जोर, पण संथ आणि ताकदीचा गिअर) लावलं की इंजिन रोखणारा भाग आपोआप बाजूला होतो आणि ब्रेकचा भाग चालू राहतो. तसं असेल तर बटणाला हात लावायची गरजही नाही.

चूक बहुतेकदा पायाची असते. चाक फिरायला लागलं की माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. नेमका तेव्हाच ब्रेक पकडत असतो. रेस न वाढवता, न सोडता दोन-तीन सेकंद धरून ठेवा. तरीही हलली नाही तर थांबा. सतत रेटलं तर ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःहून थोडा वेळ बंद पडते. डांबरी रस्त्याला लागताच बटण पुन्हा चालू करा. पहिल्यांदा एकट्याने जाऊ नका. चिखलात गाडी चालवायची सवय असलेल्या कोणाला तरी शेजारी बसवा.

प्रश्न (भांडुप): मागचे दोन टायर बदलले. दुकानदाराने त्याच किमतीत जास्त रुंद टायर दिले. तेव्हापासून तीन महिने ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएसचे दिवे लागतात. गॅरेजवाला म्हणतो, सेन्सरची क्लिप काढून दिव्याचाही बंदोबस्त करतो.

क्लिप काढू देऊ नका. आणि तीन महिने थांबायला नको होतं.

तुम्ही कळवलेले आकडे पाहू. पुढे २३५/६५ आर १७, मागे २५५/६५ आर १७. यातला ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणून टायर नुसता रुंद झालेला नाही, उंचही झाला आहे. व्यासात सुमारे २६ मिलिमीटरचा फरक पडतो. एका किलोमीटरला पुढचं चाक साधारण ४३२ फेरे घेतं, मागचं ४१७. सेन्सर फेरेच मोजतो, त्याला टायरची साइज दिसत नाही. त्याच्या लेखी पुढची चाकं सतत घसरताहेत. थोडा फरक यंत्रणा सामावून घेते. इतका झाला तर ती भलत्या वेळी ब्रेक लावेल किंवा दिवा लावून बंद पडेल. तुमची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे एरवी दोनच चाकांना जोर आणि गरजेपुरता चारही चाकांना. फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा गिअर) लावल्यावर पुढची-मागची चाकं सारखेच फेरे घ्यायला बांधली जातात, म्हणजे दर किलोमीटरला पंधरा फेऱ्यांचा ताण टायर आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर). कोरड्या डांबरावर तर फोर-एच योग्य टायर असतानाही लावू नये.

"चार कशाला, दोनच टाका, वर साइज मोठी देतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की राग येतो. गोदामातला पडून राहिलेला माल असा खपतो. फोर बाय फोरला चारही टायर एका साइजचे, एका नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर असली की चालतं. घाटातल्या पावसासाठी मी त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलायला सांगतो. गोटा झालेल्या टायरवर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर गाडी धरून ठेवू शकत नाही.

आता दिव्याचं. सेन्सर तोडला की ट्रॅक्शन कंट्रोलबरोबर एबीएस आणि वळणावर गाडी भरकटू न देणारं स्टॅबिलिटी कंट्रोलही जातं. मागच्या वर्षी माझ्याकडे एक सेकंड-हँड गाडी आली. मीटर उघडलं तर एबीएसच्या दिव्यावर आतून काळी टेप. घेणाऱ्याने दोन पावसाळे कसारा घाट एबीएसशिवाय उतरला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. किल्ली फिरवल्यावर हे दिवे क्षणभर पेटून विझले पाहिजेत. पेटतच नसतील तर दिव्याला कोणीतरी हात लावलेला असू शकतो. जुनी गाडी घेताना पहिल्यांदा हे पाहा.

तुम्ही आधी योग्य साइजचे टायर घाला. नंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून कोड लेखी मागा. तोवर घाटात जाऊ नका.

प्रश्न (परळ): हिंदमाताला पाणी भरलं तर फोर बाय फोर काढता येईल ना?

नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचा पाण्याशी संबंध नाही. इंजिनाने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर स्टार्टर मारू नका, टोइंग बोलवा आणि विमा कंपनीला कळवा.

प्रश्न (बोरिवली): अलिबागला वाळूत सराव करू का?

नको. अनेक किनाऱ्यांवर गाड्यांना बंदी आहे, भरती कोणासाठी थांबत नाही आणि खारं पाणी सेन्सरचे कनेक्टर खातं. सराव प्रशिक्षकाच्या ऑफरोड ट्रॅकवर करा.

प्रश्न (वाशी): ॲक्सिलरेटरला जोडायचा "ट्रॅक्शन बूस्टर" घ्यावा का?

घेऊ नका. असे डबे पेडल कमी दाबूनही इंजिनाला जास्त रेस देतात. निसरड्यावर चाक उलट लवकर सुटतं. वर वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. घेतला असेल तर काढून टाका आणि सर्व्हिस सेंटरला तसं सांगा.