रक्त पाहून चक्कर येते, मी नर्स होऊ शकेन का?

विचारा सिस्टरांना : परभणी, हिंगोली, बीड भागातल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेल्या एक परिसेविका या सदरात वाचकांना उत्तरं देतात. या वेळी पत्रं बहुतेक नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्यांची आहेत.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. आमचं गाव जिंतूर तालुक्यात. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मीच केलं, म्हणून आई म्हणते, तुझ्यात सेवाभाव आहे, तू नर्सच हो. पण मला रक्त दिसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. इंग्रजी कच्चं आणि गणित त्याहून कच्चं. सिस्टर, नर्स व्हायला नेमकं लागतं तरी काय?

उत्तर : बाळ, आधी चक्करचं मिटवून टाकू. पहिल्या ड्रेसिंगला भिंत धरून उभ्या राहिलेल्या पोरी मी ढिगाने पाहिल्यात. रक्त बघून काही जणांची नाडी एकदम मंदावते, बीपी उतरतं आणि अंधारी येते. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. वॉर्डात उपाशी पोटी जाऊ नको, गुडघे ताठ करून उभी राहू नको. गरगरायला लागलं की मांड्या-पोटऱ्या घट्ट आवळून धर, तरी नाही थांबलं तर लाज सोडून खाली बस. रोज बघून बघून बहुतेकांचं हे जातं. वासाचं मात्र तसं नाही. शुगरच्या पेशंटचा चिघळलेला पाय उघडला की जो वास येतो, त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. फक्त तो तोंडावर दिसू द्यायचा नाही, कारण पट्टी सोडताना पेशंट जखमेकडे बघत नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघतो.

आता सेवाभाव. आईला राग येऊ देऊ नको, पण मला या शब्दाचं फार कौतुक नाही. वॉर्डात माणसं कमी पडली, रजा नाकारली, पगार लांबला की आम्हाला हाच शब्द ऐकवतात. शिवाय सेवाभाव कितीही असला तरी पेशंट खालावतोय हे त्याने कळत नाही. ते नजरेला कळतं, आणि नजर शिकता येते.

तापाने फणफणलेलं, बोंबलून रडणारं लेकरू मला चालतं. उगी पडलेलं, आईकडेही न बघणारं लेकरू दिसलं की मी आधी त्याच्याकडे जायची. बाळंतीण ‘बरी हाय’ म्हणत असते, बीपीही ठीक असतं, पण नाडी चढत चाललेली असते. तिथे पांघरूण काढून खालचं कापड बघायचं, कारण रक्त जात असेल तर आधी नाडी धावते, बीपी मागाहून पडतं. म्हातारा ऑक्सिजनचा मास्क सारखा काढून टाकतो आणि सून म्हणते, ‘लई तरास द्यायलेत.’ तो त्रास देत नसतो, बऱ्याचदा त्याचा श्वासच कमी पडत असतो.

श्वास मोजणं हे सगळ्यात सोपं काम, आणि सगळ्यात जास्त चुकवलेलं. कित्येक वॉर्डांत चार्टवर सगळ्यांचा श्वास २० असतो, कारण मोजलेला कोणीच नसतो. लहान लेकराचा पूर्ण एक मिनिट मोजायचा, पोटाकडे बघत, ते रडत नसताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा वर, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा वर, पाच वर्षांच्या आतल्याचा ४० किंवा वर गेला तर डॉक्टरांना उठवायचं. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

आपल्याकडचं आणखी एक सांगते. पावसाळ्यात सोयाबीनच्या रानातून साप चावलेले पेशंट येतात. त्यांच्या रक्ताची २० मिनिटांची परीक्षा असते. दोन एमएल रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं आणि नळी न हलवता उभी ठेवायची. २० मिनिटांनी एकदाच तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर परीक्षा खोटं सांगते, म्हणून नळी कुठली आहे ते सिस्टरने स्वतः बघायचं. आणि ती २० मिनिटं! भोवती अर्धं गाव जमलेलं असतं. ‘ओ सिस्टर, नुसती नळी काय बघत बसलाव?’ तुझ्या हाताला घाई झाली, मधेच नळी हलवून बघितलीस, की संपलं. मण्यार चावलेल्याचं रक्त मात्र नीट गोठतं, त्यामुळे गोठलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. त्याच्या पापण्या बघायच्या. जड होऊन मिटायला लागल्यात का? उशीवरून मान उचलता येते का? हे पुनःपुन्हा बघायचं, कारण पुढे त्याचा श्वासच थांबू शकतो.

गणिताला भिऊ नको, लागतं ते पाचवी-सहावीचंच. ५०० एमएल सलाईन आठ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांना एक एमएलचा. म्हणजे १०,००० थेंब ४८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २१. एवढा भागाकार झोपेतून उठून यायला हवा, कारण तो बहुतेक वेळा झोपेतच करावा लागतो. इन्सुलिनचंही तसंच. लाल टोपीची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट. केशरी टोपीची १०० साठी, म्हणजे एमएलमध्ये १०० युनिट. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर २० युनिट नाही, ५० युनिट जातात. शुगर उतरून माणूस बेशुद्ध पडेल. तिथे हुशारी कामाची नाही. दर वेळी बाटली वाचायची, टोपी बघायची, मग भरायचं.

इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं आणि रिपोर्टपुरतं वॉर्डातच येऊन जातं. त्यापेक्षा पेशंटचं बोलणं समजायला हवं. ‘लेकरू मान टाकायलंय’, ‘जीव कसनुसा व्हायलाय’, ‘अंगात कसर हाय’, यातलं कशाला धावत जायचं आणि कशाला थर्मामीटर लावायचं हे तुला जिंतूरमुळे आपोआप येतं. मोठ्या शहरातून आलेल्या मुलींना ते शिकावं लागतं. तांड्यावरची बाई गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलते, परभणीत अर्धा वॉर्ड दखनीत बोलतो. दोन्हींतले चार-चार शब्द शिकून घे, ‘कुठे दुखतं’ आणि ‘लघवी झाली का’ एवढे तरी.

आणि लिहिणं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं आम्ही सांभाळली. केसपेपर पुरत नव्हते, म्हणून पायाच्या प्लास्टरवरच पेनने तारीख, वेळ, दिलेलं इंजेक्शन लिहायचो. बराच वेळ दबून राहिलेल्याची लघवी किती होते आणि कसल्या रंगाची, हे बघायला सांगितलेलं होतं. चहासारखी काळपट झाली तर किडनीला धोका. पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्या माणसाची भाषा येत असो-नसो, प्लास्टर वाचता येत होतं. जे केलं ते केल्यावर लगेच लिहायचं. पाळी संपताना आठवून लिहिलेलं मी कधी खरं धरलं नाही.

बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. तू सायन्सला आहेस, तर आधी तोच प्रयत्न कर.

प्रश्न : मी लातूरला जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टरांनी सांगितलेला डोस चुकल्यासारखा वाटला तरी बोलायची हिंमत होत नाही. नातेवाईक अंगावर आले की रडू येतं. मी या कामाला नालायक आहे का?

उत्तर : डोस चुकल्यासारखा ‘वाटला’ हीच अर्धी लायकी झाली. राहिलं बोलणं. ‘सर, तुमचं चुकलं’ असं म्हणायची गरजच नसते. ‘सर, मी अमुक ऐकलं, तेवढंच ना?’ असं म्हणून नाव आणि आकडा परत वाचून दाखवायचा. दहातले नऊ डॉक्टर तिथेच थबकतात. फोनवरची ऑर्डर तर परत म्हणून दाखवल्याशिवाय घ्यायचीच नाही. उरलेला दहावा ओरडला तर इनचार्ज सिस्टरला बोलव, पण मनात शंका ठेवून सुई टोचू नको. पोटॅशियम क्लोराईड कधीही थेट शिरेत ढकलायचं नसतं, हृदय थांबतं. ते सलाईनमध्ये मिसळून हळूच द्यायचं. कोणीही घाई केली तरी.

नातेवाईकांचं म्हणशील, तर ते विचारायच्या आधी आपण सांगायचं. ‘मी अमुक सिस्टर, आत्ता रक्त पाठवलंय, रिपोर्ट आला की मीच येऊन सांगते.’ बहुतेक भांडणं कोणी काही सांगत नाही म्हणून होतात. दारू पिऊन आलेल्याशी मात्र बोलत बसू नको. दार आपल्या पाठीशी राहील असं उभं राहायचं आणि दुसऱ्या कोणाला हाक मारायची. दवाखान्यातल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि त्यात नर्सही येते, विद्यार्थिनीसुद्धा. हात उचलला गेला तर ‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नको.

रडू येतं तर ड्युटीरूममध्ये रडून घे. मीही रडलेय. मग तोंड धुऊन चहा घ्यायचा आणि आठचं इंजेक्शन आठलाच द्यायचं.

प्रश्न : मुलगा जीएनएमला जातो म्हणतो. भावकीत हसतात, ‘पोरगा नर्स होणार’ म्हणून. उद्या लग्नाला मुलगी कोण देईल? (एक पालक, गंगाखेड)

उत्तर : दादा, भावकीतल्या कोणाला लघवी अडकून रात्री दवाखान्यात आणलं आणि नळी घालायला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हजर असला, की हसणं तिथेच बंद होतं. अपघात विभागात, हाडांच्या वॉर्डात, आयसीयूत, मनोरुग्णांच्या वॉर्डात ब्रदर हवेच असतात. मात्र ‘पोरगा आहे, उचलाउचलीला बरा’ म्हणून त्याला हमालासारखं वापरतात, तेव्हा औषधं आणि नोंदी आपल्या हातून सोडू नको असं त्याला सांगा. पाठवण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तीन डोस असतात आणि ते पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, हे पहिल्या दिवशीच त्याच्या डोक्यात बसू द्या.

लग्नाचं मला विचारू नका, ते माझं खातं नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्याला सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स निघालाय. नोकरीची हमी देतात. फी भरू का? (एक गृहिणी, कळमनुरी)

उत्तर : नका भरू. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. सहा महिन्यांत घरी आजारी माणूस सांभाळायला शिकता येईल, पण नर्स म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते, तीही मान्यता असलेल्या शाळेतून परीक्षा पास झाल्यावरच. चालकांकडे परिषदेचं चालू वर्षाचं मान्यतापत्र मागा. ‘येतंय, येतंय’ म्हणाले तर उठून या. आणि मूळ गुणपत्रिका त्यांच्या ताब्यात देऊ नका, दाखवायची असेल तर झेरॉक्स न्या.