उशाशी कुठलं पुस्तक?

गेल्या अंकात या पानावर मी विचारलं होतं, सध्या उशाशी कुठलं पुस्तक आहे आणि ते कसं वाटतंय? एक अटही घातली होती: मत स्वतःचं पाहिजे, मलपृष्ठावरून उतरवलेलं नको. बेळगावातल्या शहापूरच्या एका वाचनालयात ३२ वर्षं मी देवघेवीच्या टेबलाशी बसले. पुस्तक परत करताना माणूस काहीतरी बोलतोच. "भारी आहे" म्हणाला की मी विचारायचे, कुठल्या पानाला? काहींना राग यायचा. काही जण मात्र पुस्तक पुन्हा उचलून पान शोधायला लागायचे, आणि मागे रांग लागली तरी मी त्यांना कधी घाई केली नाही. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेते. भाषा जशी आली तशी ठेवली आहे.

अक्का, माझं माहेर बैलहोंगलकडचं. शाळा सगळी कन्नडातून झाली. लग्न होऊन वडगावात आलो. घरात चार माग आहेत. मराठी बोलायला लवकर आलं, वाचायला अजून हळू जातंय. शाळेत हिंदीसाठी ही लिपी शिकलेलो म्हणून जमतंय. आता प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' वाचूलालोय. सासूबाई म्हणतात, बारक्या पोरांचं पुस्तक काय वाचतीस. मला तर सगळं आमच्या गल्लीतलंच वाटतंय. खरं माझ्यासारखीच्या मताला काय किंमत? आणि भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडात वाचू का मराठीत? घरात दोन्ही आहेत, मराठी पुस्तकं नवऱ्याची.
— एक वाचक, वडगाव

आधी तुमच्या 'आलो'विषयी. संपादकांनी ते 'आले' करू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. इकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात. माझी आई जन्मभर म्हणाली. 'पण'च्या जागी 'खरं' आपणच वापरतो, आणि पुण्याच्या पाहुण्याला वाटतं आपण कशाची तरी शपथ घेतोय. ज्या कानाला हे सगळं सवयीचं आहे, त्या कानाचं 'वनवास'बद्दलचं मत मला कितीतरी वर्षं हवं होतं.

त्या पुस्तकातला लंपन लहान आहे म्हणून पुस्तक लहानांचं होत नाही. त्याला आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे ठेवलेलं असतं. तो भटकतो, शाळेत जातो, मित्रांत रमतो, आणि आई जवळ नाही हे त्या सगळ्याच्या तळाशी मुकाट बसलेलं असतं. माहेर सोडून आलेल्या बाईला ते पहिल्या दहा पानांत कळतं. सासूबाईंनाही कळेल. त्यांना पुस्तक वाचायला देऊ नका, संध्याकाळी भाजी निवडताना एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही हळू वाचता हे इथे उपयोगाचं आहे, संतांचं वाक्य घाईत हाती लागत नाही. ते कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही लंपनची चार पुस्तकं, आणि २००३ साली ते गेले.

एक आठवण सांगते. सुट्टीला आलेल्या एका बाईंनी लंपनचं पुस्तक नेलं आणि दोन दिवसांनी परत आणलं. त्यात मधेमधे येणाऱ्या कन्नड शब्दांनी त्या अडखळल्या होत्या. त्या वेळी आमच्याकडे झाडलोट करायला एक मुलगी यायची. तिने केरसुणी बाजूला ठेवली आणि एकेका शब्दाचा अर्थ सांगितला, वर तो शब्द कुठल्या सुरात म्हणायचा तेही सांगितलं. पाहुण्या बाई पुस्तक घेऊन परत गेल्या. ती मुलगी शाळा सोडलेली होती. तिच्या मताला किंमत होती, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. तुम्हीही एक वही करा. जिथे जिथे तुमच्या गल्लीतला आवाज ऐकू आला त्या पानाचा आकडा लिहा आणि शेजारी एक ओळ, कन्नडात लिहिली तरी चालेल.

आता भैरप्पा. तुमच्या हातात मूळ आहे, मग मूळच वाचा. खरं नवऱ्याचं मराठी पुस्तकही कपाटात ठेवू नका. भैरप्पांना मराठी घराघरांत नेलं ते उमा कुलकर्णी यांनी. त्यांचा जन्म बेळगावचाच, आणि 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. त्यांची रीत फार सुंदर होती: पती विरुपाक्ष यांनी कन्नड वाचायचं आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत लिहायचं. म्हणजे ज्या मराठीवर इतकी वर्षं लोक जीव टाकतायत, ती नवरा-बायकोच्या वाचण्या-ऐकण्यातून आलेली आहे. तुमच्या घरात तर सगळी सोय आहे. लाईट गेली की माग थांबतात. तेवढ्या वेळात तुम्ही 'वंशवृक्ष'चं एक पान कन्नडात वाचा, ते मराठीवर बोट ठेवून ऐकतील. जिथे दोघं एकदम थांबाल ती जागा मला कळवा.

त्या पुस्तकाबद्दल माझं मत सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला भांडता येईल. नंजनगूडच्या श्रीनिवास श्रोत्रींसारखा माणूस उभा करायला मोठी ताकद लागते, आणि ती भैरप्पांकडे होती. पण त्यांची विधवा सून कात्यायनी दुसरं लग्न करते, तेव्हापासून लेखक तिला सुखाचा श्वास घेऊ देत नाही. एकामागून एक तिचे गर्भ जातात, शेवटी तीही जाते. मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हाही मला वाटलं की ही शिक्षा गोष्टीने दिलेली नाही, लेखकाने दिलेली आहे. कादंबरी १९६५ ची आहे, काळ तसा होता, असं मला अनेकांनी समजावलं. तरी माझं मत बदललेलं नाही. मूळ कन्नडात कात्यायनी तुम्हाला वेगळी दिसली तर मला मनापासून ऐकायचं आहे.

दोन भाषा डोक्यात असणं म्हणजे दोन्ही अर्ध्या असणं, हा धाक कुणी घातला असेल तर धारवाडच्या बेंद्र्यांची आठवण ठेवा. घरात मराठी बोलणाऱ्या या कवीला कन्नड कवितेसाठी १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं, आणि त्यांनी मराठीतही लिहिलं.

बाई, मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेबाला आहे. आमचा वाचणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. सगळे 'मृत्युंजय'बद्दल बोलताना भारावून जातात, रडू आलं म्हणतात. मी दोनशे पानांवर थांबलो. मला रडू आलं नाही. ग्रुपमध्ये बोलायची चोरी झालीय. माझ्यातच काही कमी आहे का?
— निपाणी

कमी काही नाही. पण "रडू आलं नाही" एवढ्यावर थांबलात तर तेही "भारी आहे"सारखंच झालं. कुठे कोरडं वाटलं ते शोधा. मी मदत करते. या कादंबरीत कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे आणखी पाच जण आपापल्या तोंडाने बोलतात. डोळे मिटून कुणाला तरी दोन पानं वाचायला सांगा. बोलणारं कोण आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखता येतं का? मला सोळाव्या वर्षी असला प्रश्न पडला नव्हता. मी रात्रभर जागून वाचलं आणि कर्णासाठी उशी भिजवली. पन्नाशीत पुन्हा घेतलं तेव्हा सगळे एकाच भरजरी भाषेत बोलताना ऐकू आले. दोन्ही वाचनं माझीच, आणि पहिलं मी खोटं मानत नाही. आजऱ्यासारख्या गावातल्या शिवाजी सावंत या मुलाने १९६७ साली, सत्ताविसाव्या वर्षी हे पुस्तक दिलं, त्याने किती जणांना वाचनाची गोडी लावली ते आमच्या वाचनालयाच्या तारखांच्या चिठ्ठ्यांवर मी पाहिलं आहे. एक चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवायची, तिच्यावर तिसरी.

ग्रुपमध्ये हे असंच बोला: मला सगळ्यांचा आवाज एक वाटला, तुम्हाला वेगळे वाटले असतील तर पान दाखवा. कुणी पान दाखवलं तर तुमचं मत बदलेलही, आणि बदललं तर तसं सांगा.

महाभारतच हवं असेल तर भैरप्पांचं 'पर्व' घ्या. त्यात चमत्कार नाहीत, थकलेली आणि हिशेब मांडणारी माणसं आहेत. पण त्याआधी तुमच्याच गावातले महादेव मोरे वाचलेत का? हा लेखक निपाणीत पिठाची गिरणी चालवायचा. तंबाखूतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजातली पोरं, पोटासाठी राबणारी माणसं त्यांनी लिहिली. तुमच्या वखारीच्या दारात सकाळी ज्या बायका उभ्या असतात, त्यांच्या आया-आज्या तुम्हाला तिथे भेटतील. तुमच्या ग्रुपने त्यांचं एकही पुस्तक धरलं नसेल, तर ते मला 'मृत्युंजय' अर्धवट सोडण्यापेक्षा जास्त लागेल.

मागच्या महिन्यात तुम्ही 'स्वामी'वर दोन ओळी लिहिल्या, त्यात राजकारणाचीच कादंबरी म्हणालात. मी शेतकरी माणूस, कोवाड माझ्या शिवारापासून लांब नाही. रणजित देसाईंचं ते पुस्तक मी दर पावसाळ्यात काढतो. तुम्ही शेवट विसरलात काय?
— बेळगुंदी

विसरले नव्हते, पण विसरल्यासारखं लिहिलं. चूक माझी. तुमचं पत्र आल्यावर थेऊरची ती सगळी पानं पुन्हा वाचली: माधवरावांचं दुखणं, आणि पुढे रमाबाई. दरबारातली भांडणं ज्या दोन माणसांच्या आयुष्यातून वाट काढत जातात, ती माणसंच मी माझ्या दोन ओळींतून वगळली होती. १९६२ पासून हे पुस्तक टिकलं ते या पानांमुळे, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या एका मराठी शाळेत मी शिकवते. वर्गात साठेक पुस्तकांचं कपाट आहे. मुलं नेतात, आणतात, आणि विचारलं की "छान आहे" म्हणतात. सगळ्यांची सगळी पुस्तकं छान. परवा एकच मुलगा म्हणाला, "बाई, अस्वल असं करत नाही." बाकीचे हसले, तो गप्प बसला. मुलांना मत द्यायला कसं शिकवू?
— एक शिक्षिका

बाई, या महिन्यात माझ्याकडे आलेलं सगळ्यात चांगलं मत त्या मुलाचं आहे. भीमगडच्या रानाशेजारी वाढणाऱ्या पोराला अस्वल ठाऊक असणारच. वारुळं उकरलेली त्याने पाहिली असतील, मोहाच्या दिवसांत आजोबांनी त्याला एकट्याने जाऊ नको म्हणून बजावलं असेल. लेखकाने अस्वल चित्रावरून लिहिलं, मुलाने पायवाटेवरून वाचलं. त्याला उद्या वर्गात उभं करा, ते पान उघडून द्या आणि म्हणा, सांग, अस्वल काय करतं? तो सांगेल ते फळ्यावर लिहा. मग बाकीच्यांना विचारा, मग गोष्टीतलं अस्वल असं का वागवलं असेल? कुणी म्हणेल, गंमत यावी म्हणून. कुणी म्हणेल, लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. दोन्ही मतं फळ्यावर राहू द्या.

"पुस्तक कसं वाटलं?" हा प्रश्न मात्र बंद करा. त्याला मुलाजवळ एकच उत्तर असतं, आणि ते बाईंना आवडणारं असतं. त्याऐवजी विचारा, यातलं कुठलं पान आईला वाचून दाखवशील? कुठे कंटाळा आला? कोण खोटं बोलतंय असं वाटलं? तात्पर्य विचारूच नका. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा, त्यावर मुलांनी पुस्तकाचं नाव आणि एक ओळ लिहायची, न आवडल्याचीही. पुढचं मूल ती ओळ वाचून पुस्तक निवडेल, आणि लिहिणाऱ्याला कळेल की आपल्या शब्दावर कुणी चालतंय.

साठ पुस्तकं लवकर संपतील. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात. चार मुलांना घेऊन जा आणि पुस्तकं त्यांना निवडू द्या. तुम्ही फक्त पैसे द्यायला उभ्या राहा.

वय ८१. नवीन काही वाचत नाही. इंदिरा संतांची 'मेंदी' आणि 'मृगजळ' आलटून पालटून वाचतो. यालाही "सध्या वाचतोय" म्हणतात का?
— शहापूर

म्हणतात, काका. इंदिराबाईंचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. त्यानंतर इंदिराबाई बेळगावातच राहिल्या, मुलं वाढवली आणि कविता लिहिल्या. त्या वेळी त्यांच्या प्रकाशला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. पुढे त्यानेच लंपन लिहिला, आणि लंपनचे वडील जातात ती गोष्ट 'झुंबर'मध्ये आहे. एकाच घरातलं एकच दुःख आईने कवितेत ठेवलं आणि मुलाने कितीतरी वर्षांनी गोष्टीत. 'मृगजळ' तुम्हाला पाठ असेल, तर आता 'झुंबर' वाचून पाहा. मला ही दोन पुस्तकं शेजारी ठेवल्यावाचून पुरी वाचल्यासारखी वाटत नाहीत.

एक विनंती आहे. वर ज्या वडगावच्या सूनबाईंचं पत्र आहे, त्या आज 'वनवास'वर आहेत, सहा-आठ महिन्यांत त्या 'झुंबर'पर्यंत पोचतील. तेव्हा त्यांना तुमचं 'मृगजळ' वाचायला द्याल का? शहापूर-वडगाव चालत जायचं अंतर. नाव-पत्ता मी कुणाचा कुणाला देणार नाही. खाकी कव्हर घालून आमच्या वाचनालयाच्या टेबलावर ठेवा, आत एक चिठ्ठी घाला आणि तुमच्या आवडत्या कवितेचं पान त्यावर लिहा. त्या घेऊन जातील, आणि परत ठेवताना त्यांचं पान लिहितील.