फोर्कलिफ्ट आणि हमाल एकाच दारातून: काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या हळदीच्या गोदामात ३ टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट आणि पंधरा-वीस हमाल एकाच दारातून जातात, आणि पिवळे पट्टे मारूनही दोनदा थोडक्यात निभावलं. पट्ट्यावर विसंबू नका. पाठीवर पोतं असलेला माणूस खाली वाकून चालतो, आणि गाडी काही पट्ट्याने थांबत नाही.

आधी सगळ्या हमालांना मशीन उभी करून तिचं वळणं दाखवा. तिचं स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं. पुढून डावीकडे वळली की मागचं काउंटरवेट, म्हणजे मालाचा तोल सांभाळणारं मागचं जड वजन, झपकन उजवीकडे फिरतं. थप्पीला टेकलेल्या माणसाला वाटतं, गाडी पुढे गेली. आणि तोच नेमका थप्पी आणि काउंटरवेट यांच्यात सापडतो. रिकामी मशीनसुद्धा चार टनांच्या वर असते, हे त्यांना आकड्यात सांगा.

मग दार. शक्य असेल तर माणसांसाठी वेगळं दार पाडा आणि आत कमरेएवढं लोखंडी रेलिंग फरशीत बोल्टने पक्कं करा. खर्च होतो, पण माझ्या मते पहिला पैसा इथेच जावा. दार एकच असेल तर वेळ वाटून घ्या: फोर्कलिफ्टने ट्रक भरणं चालू असेल तोवर हमाल आत नाहीत, आणि ट्रकचा क्लीनर केबिनजवळ आखलेल्या चौकोनात उभा.

वेग माणसाच्या चालीएवढाच ठेवा. ताशी १० किलोमीटरला गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. वर करकचून ब्रेक मारला तर पोती पुढे घसरतात. सांडलेली हळदीची भुकटी रोज झाडा, चाक त्यावरही घसरतं. चालताना फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे लोखंडी दात, जमिनीपासून वीतभरच वर. मालाने समोरचं झाकलं तर रिव्हर्समध्ये, मागे बघत चालवायचं. चढावर मात्र माल चढाच्या वरच्या बाजूलाच ठेवायचा, त्यामुळे वर जाताना समोरचं दिसत नाही, म्हणून तिथे वाट दाखवायला माणूस लागतो. उचललेल्या फोर्कखाली कुणीही जायचं नाही, आणि फोर्कवर उभं राहून वरची पोती काढणं आजपासून बंद.

फेब्रुवारीपासून आवक वाढली की रोजंदारीवर नवे लोक येतात. त्यांना पहिल्या दिवशी, पोतं उचलायच्या आधी, हे सगळं दाखवा. आणि किल्ली मशीनला लटकती ठेवू नका. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हौसेनं चालवून बघतं, म्हणून ती ड्रायव्हरच्या खिशातच राहू द्या.